शेरा

गप्पी हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे.
जन्मभर गप्पच असतो हा मासा.
करंगळीच्या पेराएवढा. मादी ढेरपोटी,
नराच्या शेपटीवर
रंगपंचमीनंतर चार दिवस न गेलेला रंग.
खात्याच्या टाकीतून मोजून घ्यायचे, शंभरला शंभर,
बरणीच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडायची
आणि बरणी सायकलच्या हँडलला लावून
मी मरोळच्या गावठाणात.

त्या साली तिथं तापाची सतरा घरं.
एक दिवसाआड हुडहुडी,
माणसावर गोधड्या, गोधड्यांवर माणूस बसलेला.
विहिरीत पळी बुडवली की वर यायच्या अळ्या,
पाण्याला समांतर पडलेल्या,
म्हणजे मलेरियावाल्याच.
शेजारी कोष: पाण्यात सांडलेले स्वल्पविराम.
मी बरणी उपडी करायचो
आणि वाक्य तिथंच तुटायचं.

एक्केचाळीस नंबरची विहीर फ्लोरी माय परेराची.
ती म्हणायची बाव.
कठड्यावर चुन्यानं रंगवलेला क्रूस,
आत दगडांच्या फटीत पिंपळ.
तीन वेळा पळी बुडवली. अळी एकच.
"आमचे बावीन टिकली हाय ना रं," ती म्हणाली,
"तीच खाते तुजे डांस."
वाकून पाहिलं.
काडीसारखे सडपातळ मासे, पाण्याच्या अगदी वरच्या पदरात,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका.
ऊन पडलं की विहीर डोळा मिचकावायची.

हुकूम सगळ्या विहिरींचा होता.
मी बरणी उघडली.

मग वही.
विहीर क्रमांक. खोली, फुटांत. मासे सोडले, नग.
आधी कोण राहत होतं
असा रकाना छापलेला नव्हता.
शेवटी होता शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं: निरंक.

चार महिन्यांत तापाची घरं सतरावरून दोनवर आली.
साहेबांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला.
हे खोटं नाही.
मधल्या आळीतली बास्त्याव डाबऱ्याची बायको अजून सांगते
की माझ्या बरणीनं तिचा धाकटा वाचवला.
मी तिला अडवत नाही.

पण एक्केचाळीसमध्ये
गप्पीच गप्पी.
ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं,
महिन्याला एक वेत.
टिकलीनं मात्र पिंपळाच्या मुळांना
अंडी एकेक करून चिकटवलेली,
टाचणीच्या डोक्याएवढी,
सगळ्यांच्या तोंडाच्या उंचीवर.

फ्लोरी मायनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
तिनं विचारलं, "परत काढता येतील काय रं?"
एक अख्खी दुपार
तिच्या पिठाच्या चाळणीनं मी मासे काढत बसलो.
तीनशे बारा.
पुढच्या आठवड्यात
विहीर होती तेवढीच भरलेली.
चाळणी तिनं परत घेतली नाही.

आता त्या बावीवर लोखंडी जाळी आहे,
जाळीवर कुणाच्या तरी स्कूटी.
फ्लोरी माय चर्चमागच्या मातीत.
मी निवृत्त.
तरी सोसायटीचा सेक्रेटरी बेल वाजवतो:
मोरे, तुम्ही त्या खात्यातले ना,
मागच्या खाणीच्या डबक्यात थोडे गप्पी सोडा की,
लहान मुलं आहेत, डेंग्यूचे दिवस आहेत.

नाही कसं म्हणायचं?
जुन्या ओळखीनं खात्यातून शंभर आणले.
सकाळी डबक्यावर गेलो,
झाकणावर हात,
आणि सवयीनं आधी वाकून पाहिलं.

पाण्यानं डोळा मिचकावला.
मग दुसऱ्या कडेनंही.

घरून पळी आणली. दहा वेळा बुडवली.
दहाही वेळा नुसतं पाणी.

ते शंभर आता माझ्या बाल्कनीत
बाळाला अंघोळ घालायच्या टबात आहेत.
खरं तर दोनशे चाळीस झालेत.
सूनबाई रागावते. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो,
काय गोड आहेत, दोन द्या ना.

मी चहा देतो.